मांजर मेलं काय रे?

टॉम आणि जेरीची ओळख करून द्यावी लागेल असं घर आपल्या भागात सापडणार नाही. घर मराठी असो की कन्नड, त्या दोघांना भाषाच फारशी लागत नाही, त्यामुळे भांडणही नाही. पण या धपाधप मारामारीच्या कार्टूनपैकी काही थेट दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत आणि युद्धाच्याच मनःस्थितीतून निघाली, हे कितीजणांच्या ध्यानात येतं? मी कॉलेजात इतिहास शिकवतो, म्हणून मला तिकडे बघण्याची खोड लागली, इतकंच.

१९४३ सालचं 'द यांकी डूडल माऊस' घ्या. तळघरात जेरीचा मोर्चा आहे. अंड्यांचे हातबॉम्ब, चीजच्या किसणीची जीप, पिठाच्या पिशवीतून सोडलेला धुराचा पडदा. पेटती सुरुंगकांडी दोघं एकमेकांच्या हातात अशी देत राहतात, की जणू लग्नातला आहेराचा नारळ. शेवटी टॉम रॉकेटवर बसून आभाळात जातो, फुटतो आणि तिथे अमेरिकेचा झेंडा उमटतो. जेरी सलाम ठोकतो आणि वर कळवतो, 'आणखी मांजरं पाठवा.' हे वाक्य लहानपणी नुसतं गमतीचं वाटायचं. पॅसिफिकमधल्या वेक बेटावर वेढल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांच्या नावावर तेव्हा 'आणखी जपानी पाठवा' हा निरोप खपवला जात होता, त्याची ती नक्कल. टॉम आणि जेरीला पहिलं ऑस्कर मिळालं ते याच कार्टूनला.

१९९५ साली कार्टून नेटवर्क आपल्याकडे आलं. आमच्या घरी केबल आल्यावर हे कार्टून मी पाहिलं, ते आजोबांच्या शेजारी बसून. आजोबा मराठा पलटणीतून इटलीत लढून आलेले. तिथला चिखल आणि खेचरं यांपलीकडे ते युद्धाबद्दल काही सांगत नसत. सुरुंगकांडीच्या देवाणघेवाणीला ते डोळ्यांत पाणी येईतो हसले. झेंडा उमटला तसे एकदम गप्प झाले आणि म्हणाले, "मांजर मेलं काय रे?" पुढचं कार्टून सुरू झालं, टॉम शेपटी हलवत आला. "आलं की परत," म्हणून त्यांनी पानाचा डबा उघडला.

स्लॅपस्टिक हा शब्द मूळचा एका काठीचा. जुन्या इटालियन नाटकांतले विदूषक दोन पातळ फळ्या जोडलेली काठी वापरत. मारली की मोठा फाडकन आवाज होई, लागत मात्र फारसं नसे. मार हलका आणि आवाज दांडगा, हा सगळा करार. यक्षगानातला हास्यगार आणि तमाशातला सोंगाड्याही याच करारावर पोट भरतात. टॉम परत आलाच पाहिजे.

युद्धाने हा करार मोडला, आणि तोही सरकारी खर्चाने. अमेरिकन लष्करासाठी वॉर्नर ब्रदर्सने १९४३ ते १९४५ या काळात 'प्रायव्हेट स्नाफू' नावाच्या शिपायाची २५हून अधिक छोटी कार्टून काढली. ती फक्त सैनिकांना दाखवायची होती. लिहिणाऱ्यांत पुढे 'डॉक्टर स्यूस' म्हणून मुलांचे लाडके झालेले थिओडोर गायझल होते आणि आवाज बग्ज बनीवाले मेल ब्लँक यांचा. स्नाफू म्हणजे पलटणीतला नग. 'स्पाइज'मध्ये तो गुपित थोडं इथे, थोडं तिथे बरळतो, त्याचं जहाज पाणतीराने उडतं आणि तो थेट नरकातल्या कढईत पोचतो. दुसऱ्या एकात शत्रूने पेरलेल्या सापळ्याला भुलून ढगावर वीणा वाजवत बसतो. इथे मांजर मरतं. कारण समोर बसलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी खरोखरच बोटीत चढायचं होतं. मला ही कार्टून फार प्रामाणिक वाटतात. त्यांत हसं आहे ते आपल्याच माणसाचं.

डिस्नेचं 'डेर फ्यूरर्स फेस'ही तसंच, १९४३च्या जानेवारीत आलेलं. डोनाल्ड डक हिटलरच्या कारखान्यात कामगार. पाव इतका कडक की करवतीने कापायचा, कॉफीसाठी तिजोरीत जपलेला एकच दाणा पाण्यात बुचकळायचा. मग पट्ट्यावरून तोफगोळे येतात, त्यांत मधूनच हिटलरची तसबीर येते, आणि दर तसबिरीला सलाम. पट्ट्याचा वेग वाढतो तसा तो बिचारा वेडापिसा होतो. हुकूमशाहीवर तास-दोन तास बोलूनही वर्गात जे पोचत नाही, ते या आठ मिनिटांत पोचतं. ऑस्कर यालाही मिळालं.

आता १९४४ सालचं बग्ज बनीचं 'बग्ज बनी निप्स द निप्स'. बग्ज एका बेटावर जपानी शिपायांना आइस्क्रीम विकतो, आत हातबॉम्ब. वर त्यांच्या डोळ्यांवरून, पायांवरून शेलक्या शिव्या. यातले जपानी शिपाई परत येत नाहीत आणि त्यांना वेगवेगळे चेहरेही नाहीत. त्याच सुमारास अमेरिकेत सव्वा लाखाच्या आसपास जपानी वंशाची माणसं छावण्यांत कोंडलेली होती, त्यांतली बहुतेक अमेरिकेचीच नागरिक. १९९०च्या दशकात हे कार्टून व्हिडिओवर पुन्हा आलं, तेव्हा जपानी-अमेरिकनांनी निषेध केला आणि ते मागे घेतलं गेलं. तिकडे जपाननेही १९४३ मध्ये 'मोमोतारोचे समुद्री गरुड' काढलं होतं. त्यातला दारुडा शत्रू पॉपायच्या ब्लूटोसारखा. शत्रूची थट्टा करायलाही शत्रूचंच कार्टून उसनं घ्यावं लागलं.

आमच्या घरात हा फरक वेगळा शिकवावा लागत नाही. बायकोचं माहेर कन्नड, मुलं एकीला आजी म्हणतात आणि दुसरीला अज्जी. मेव्हणे माझ्या कन्नडची पंगतीत नक्कल करतात. मी त्यांच्या 'ती आंबा, तो भाकरी'ची करतो. वाढणाऱ्या बायकाही पदर तोंडाला लावून हसतात. पण हीच नक्कल निवडणुकीच्या सभेत कुणी माईकवरून केली, की अंगाला मुंग्या येतात. शब्द तेच असतात, काठी मात्र दोन फळ्यांची नसते.

महायुद्धाच्या तासाला मी ही दोन्ही कार्टून दाखवतो, पण बग्ज बनीचं आधी आणि डोनाल्डचं नंतर. उलट लावलं तर डोनाल्डला हसता हसता पोरं त्या बेटावरच्या शिपायांनाही हसून मोकळी होतात. आधी लावलं की पहिलं आइस्क्रीम फुटतं तेव्हा दोनचार जण हसतात, दुसरं फुटतं तेव्हा एखादाच, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, "सर, हे खरंच लहान मुलांना दाखवत होते?"