‘अलाइनमेंट’

आमच्या घरी इंग्रजी पहिल्यांदा आले ते बेलिफाच्या हातून, असे आजोबा सांगतात. माझ्या जन्मापूर्वीची ही गोष्ट. कागदावर काय लिहिले आहे हे घरात कुणालाच उमगेना, म्हणून तो कागद आठ दिवस तांदळाच्या पिंपाच्या झाकणावर पडून राहिला आणि नवव्या दिवशी फादरांकडे नेण्यात आला. तेव्हापासून घरात एक ठराव कसलेही मतदान न होता मंजूर झाला होता : एक तरी मूल इंग्रजी शिकलेले असावे. त्या ठरावाची अंमलबजावणी पुढे माझ्यावर झाली.

आमची घरची बोली कादोडी. वसईच्या पट्ट्यात ती बोलणारे आम्ही कुपारी लोक. वाडी, केळी, विड्याची पाने आणि रहाटाच्या आठवणी यांवर जगलेले. शाळेत गेले तेव्हा पुस्तकातली मराठीच मला परकी वाटली. ती अंगवळणी पडते न पडते तोच इंग्रजी येऊन उभे राहिले. म्हणजे माझी ही तिसरी भाषा. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला जसे रोज दोन जिने चढूनच घरी जावे लागते, तसे प्रत्येक इंग्रजी शब्दाकडे मी अजूनही आधी मराठीतून आणि मग कादोडीतून चढत जाते.

महाविद्यालयात मी राज्यशास्त्र हा विषय घेतला. उत्तरे मराठीत लिहिण्याची मुभा आहे, याबद्दल विद्यापीठाचे उपकारच मानले पाहिजेत. पण ग्रंथालयात जी पुस्तके सर सुचवतात ती बहुतेक इंग्रजी. तेव्हा मी एक दोनशे पानी वही केली. डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी. पहिल्या आठवड्यात मला असे वाटले की हे काम महिन्याभरात आटोपेल. कारण इंग्रजी न येणाऱ्या माझ्या आजीला देखील कलेक्टर, नोटीस, स्टे, कमिटी, पार्टी, इलेक्शन हे शब्द येतच होते! निम्मी वही भरलेलीच आहे, अशा गर्वात मी होते.

गर्वाचे घर पहिल्याच ट्युटोरियलला खाली आले. ‘सॉव्हरिन’ म्हणजे सार्वभौम आणि ‘स्टेट’ म्हणजे राज्य, असे दोन शब्द वहीत होते. पुस्तकात होते की स्टेट ही सॉव्हरिन असते. महाराष्ट्र हे राज्य आहे, सबब महाराष्ट्र सार्वभौम आहे, असे मी मोठ्या आत्मविश्वासाने लिहून दिले. सरांनी लाल शाईने एवढेच लिहिले, ‘आपल्या महाराष्ट्राचे सैन्य कोठे असते?’ वर्गात ते वाचूनही दाखवले. आज हसू येते; त्या दिवशी मी वसई रोडला उतरायचे ते विरारपर्यंत गेले.

दोष सर्वस्वी माझा नव्हता, असे आता वाटते. इंग्रजीत ज्याला ‘स्टेट’ म्हणतात त्याचे दोन अर्थ, आणि आपल्या ‘राज्य’ या शब्दात तर राजाही लपलेला! संविधानाच्या पहिल्याच कलमात भारताला राज्यांचा ‘युनियन’ म्हटले आहे, ‘फेडरेशन’ म्हटलेले नाही. आणि ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी त्याचे कारणही सांगितले होते. हा संघ घटकराज्यांच्या आपसातल्या करारातून जन्मलेला नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटून निघण्याचा अधिकार नाही. एवढा मोठा राजकीय विचार एका शब्दाच्या निवडीत साठवलेला आहे, आणि मराठीत आपण दोहोंनाही सरसकट ‘संघराज्य’ म्हणून मोकळे होतो. त्या दिवसापासून वहीच्या उजव्या बाजूला मी एका शब्दाऐवजी तीन-तीन ओळी लिहू लागले. दोनशे पाने पुरेनात.

शब्दांच्या या खटाटोपात गंमतीही कमी नव्हत्या. ‘व्हिप’ म्हणजे चाबूक, आणि आमदारांनी पक्षाच्या बाजूने मत द्यावे म्हणून जो नेमलेला असतो तोही व्हिपच. मराठीत त्याला ‘प्रतोद’ हा सुरेख शब्द योजला आहे. प्रतोद म्हणजेही चाबूकच, पण संस्कृतात मारल्यामुळे तो कमी लागतो. ‘महापौर’ हा शब्द सावरकरांनी दिला. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेऊन दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, हे आपण शाळेत शिकतो. पण आमच्या आजोबांच्या तोंडी अर्ज, वकील, तारीख, मुदत, जप्ती, दस्तऐवज हेच आहे. गाव सोडत नाही म्हणजे नाही! वसईवर तर १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचे राज्य होते. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, पण आमच्या बोलण्यातला ‘पगार’ आणि ‘लिलाव’ हे पोर्तुगीज शब्द काही गेले नाहीत. आणि एक कबुली देते. इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात ‘ट्रीटी ऑफ बॅसीन’ वाचून हे बॅसीन कोठेतरी युरोपात असावे, असे मी धरून चालले होते. ३१ डिसेंबर १८०२ च्या ज्या तहाने दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची फौज पदरी घेतली आणि स्वतःचे स्वातंत्र्य गहाण टाकले, तो तह माझ्या घरापासून सायकलने जाण्याच्या अंतरावर झाला होता!

‘रिझर्व्हेशन’ या शब्दाची हकिकत मात्र वेगळी आहे. वर्गात तो आला तो सामाजिक न्यायाचा शब्द म्हणून. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीच्या घरात तिच्या आईवडिलांना शिक्षण मिळाले ते त्या शब्दामुळे. ती तो शब्द ताठ मानेने उच्चारते. स्टेशनवर तो तिकिटाच्या खिडकीवर असतो. आणि आमच्या घरी? आमच्या घरी तो शब्द कुणी दारातून बोलला तर आजी हातातले काम टाकून बाहेर येते. कारण आमच्याकडे रिझर्व्हेशन मिळत नाही, ते पडते. विकास आराखड्यात आपल्या वाडीवर रंगीत पट्टा ओढला गेला की रिझर्व्हेशन पडले. वसईत १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित पट्टा वाचवण्यासाठी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारख्यांच्या नेतृत्वाखाली लोक रस्त्यावर उतरले, त्यात आजोबा होते. पुढे ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि आसपासची गावे मिळून महानगरपालिका झाली, तेव्हा गावे बाहेर ठेवा म्हणून जी माणसे मोर्चात चालली, त्यांतही ते होते. ‘डेमॉक्रसी’ हा शब्द त्यांना येत नाही. तो त्यांनी पायांनी केला आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. हा लेख लिहायला घेतला तो यासाठीच, पण इतका वेळ मी टाळत होते.

आमच्या वाडीतून एक रस्ता आखला गेला. रस्त्याच्या पट्ट्यात आमचे बावखल येते. ज्यांना बावखल ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते : वाडीला पाणी देण्यासाठी पूर्वजांनी खणलेले हे तळे. पावसाळ्यात भरते, जमिनीत मुरते, विहिरीचे पाणी गोडे ठेवते. समुद्र इतका जवळ असताना विहीर गोडी राहते ती या बावखलांच्या जिवावर. आळीतल्या काही शेतकऱ्यांनी मिळून उच्च न्यायालयात जायचे ठरवले. न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते, म्हणून प्रतिज्ञापत्र इंग्रजीत. वकिलांकडून ते रविवारी संध्याकाळी आले, सोमवारी सकाळी सही हवी होती. आजोबांनी ते माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ‘‘बाय, वाच. काय लिहिलंय ते सांग.’’

घरातली सगळी माणसे ओटीवर जमली. मी वाचू लागले. प्रत्येक परिच्छेदाच्या आरंभी ‘आय से दॅट’, म्हणजे ‘मी म्हणतो की’. आजोबा खूश झाले. आपण इतके बोललो आहोत हे त्यांना माहीत नव्हते. मग ‘आय क्रेव्ह लीव्ह’ आले. क्रेव्ह म्हणजे आसुसणे, लीव्ह म्हणजे रजा. मी सांगितले की तुम्ही रजा मागत आहात. आजोबा म्हणाले, ‘‘शेतकऱ्याला कसली रजा?’’ त्याचा अर्थ, कागदपत्रांचा आधार पुढे घेण्याची परवानगी मागणे, असा होतो, हे मला फार नंतर कळले. सरकारचा उल्लेख ‘रिस्पॉन्डंट’ असा होता. मी म्हटले, प्रतिसाद देणारा. त्यावर सगळी ओटी हसली. आजोबा म्हणाले, ‘‘केव्हापासून?’’ शेवटी ‘प्रेज’ हा शब्द आला, अर्जदार प्रार्थना करतो. आजीने गंभीरपणे विचारले, ‘‘कुणाची?’’ लहानपणी तिने लॅटिन प्रार्थना अर्थ न कळता पाठ केल्या होत्या. मिस्सा मराठीत होऊ लागली ती पुढे, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. न कळणाऱ्या भाषेत गुडघे टेकण्याचा अनुभव तिला होताच.

या हसण्यात माझी मान उंच झाली होती. त्याच भरात अकराव्या परिच्छेदापाशी आले. लांबलचक वाक्य. त्यात ‘नो ऑब्जेक्शन’ दिसले, ‘रोड’ दिसला, आणि मध्येच ‘अलाइनमेंट’ असा एक शब्द दिसला. तो माझ्या वहीत नव्हता. राज्यशास्त्रात ‘नॉन-अलाइनमेंट’ शिकले होते, अलिप्ततावाद. नेहरू, नासेर, टिटो. त्यातला ‘नॉन’ काढला तर काय उरते? आणि त्याचा आमच्या वाडीशी काय संबंध? दहा-बारा माणसे माझ्याकडे पाहत होती. ‘हा शब्द मला येत नाही’ एवढेच म्हणायचे होते. त्याऐवजी मी म्हणाले, ‘‘इथं रस्त्याबद्दल आपलं म्हणणं लिहिलंय,’’ आणि पान उलटले.

आजोबांनी सही केली. सहीखाली एक ओळ टाइप केलेली होती की हा मजकूर अर्जदाराला मराठीत समजावून सांगितला आहे. ती ओळ वाचताना मला केवढा अभिमान वाटला होता!

दोन महिन्यांनी मोजणीसाठी माणसे आली. आजोबा बावखलाच्या काठावर जाऊन उभे राहिले आणि रस्ता होऊ देणार नाही म्हणाले. आलेल्या अधिकाऱ्यांपैकी एकाने फाइल उघडली आणि अगदी सभ्यपणे सांगितले, ‘‘आजोबा, रस्त्याला तुमची हरकत नाही, असं तुम्हीच कोर्टात लिहून दिलंय. सही तुमची आहे.’’

आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही, हे अधिक लागले. आळीतल्या एकाने मात्र विचारले की नातीने वाचून दाखवले होते ना?

रात्री शब्दकोश काढला. अलाइनमेंट म्हणजे रस्त्याची आखणी, रेषा. वकिलांनी लिहिले होते ते असे की मूळ रस्त्याला आमची हरकत नाही, हरकत आहे ती बावखलातून नेलेल्या आखणीला. वकिलांचे म्हणणे कदाचित शहाणपणाचेच असेल. रस्ताच नको म्हणणाऱ्याचे कोण ऐकणार, बाजूने न्या म्हणणाऱ्याचे कदाचित ऐकतील. पण आजोबांना रस्ताच नको होता. बाजूने न्यायचा तर शेजाऱ्याच्या वाडीतून जाईल, आणि शेजारी त्याच अर्जात त्यांच्या खाली सही करणारा! तो निर्णय त्यांचा होता. तो मी एका शब्दावरून उडी मारून परस्पर घेऊन टाकला होता. लहानपणापासून ज्या इंग्रजी न येण्याने घरावर संकटे आली असे ऐकले, ते खरे असेल. पण या खेपेला संकट आले ते येते असे दाखवण्याने.

सकाळी मी आजोबांना सगळे सांगितले. ते केळीच्या बागेत होते. ऐकून घेऊन म्हणाले, ‘‘फादरांना पण एक शब्द अडला होता तेव्हा. त्यांनी सांगितलं, थांबा, विचारून येतो.’’ एवढेच. मग त्यांनी मला केळीचा घड धरायला सांगितला.

पुरवणी प्रतिज्ञापत्र करायचे ठरले. मधल्या दिवसांत माझ्या वहीला एक तिसरा रकाना आला. त्यात ज्यांचा अर्थ ठाऊक आहे असे मला वाटत होते पण नव्हता, असे शब्द आहेत. ‘सँक्शन’ त्यात आहे : आंतरराष्ट्रीय राजकारणात निर्बंध, नगररचनेत मंजुरी, एकच शब्द लाथही मारतो आणि आशीर्वादही देतो. आपली ‘सूचना’ ही त्यात आहे. हरकती व सूचना मागवल्या आहेत असे छापून येते, त्यातली सूचना म्हणजे ‘सजेशन’. पण फळ्यावर लावतात ती ‘नोटीस’, आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवरची ‘इन्स्ट्रक्शन’. नागरिकाने सरकारला केलेली सूचना आणि सरकारने नागरिकाला दिलेली सूचना यांना आपण एकच शब्द वापरतो. ‘शासन’ तर विचारूच नका. सरकारही तेच आणि शिक्षाही तीच.

पुरवणी प्रतिज्ञापत्र चार पानांचे होते. ते वाचायला मला अडीच तास लागले. ओटीवर या वेळी आम्ही दोघेच होतो. सात ठिकाणी मी पेन्सिलीने खूण केली आणि म्हणाले, हे मला येत नाही. पाच शब्द कोशात सापडले. दोनांसाठी वकिलांच्या कचेरीत फोन केला. तिथल्या कनिष्ठ वकिलाने त्रासिकपणे, पण सांगितले. शेवटच्या पानावर पुन्हा ती ओळ होती, मराठीत समजावून सांगितल्याची.

आजोबांनी चष्मा पुसला, पेन हातात घेतले आणि त्या ओळीवर बोट ठेवून विचारले, ‘‘ही ओळ आता खरी झाली का?’’

मी म्हटले, थांबा, तिसरा परिच्छेद पुन्हा एकदा वाचते.