ट्यूबलाइटमधली शाल, अंधारातला पद्मपाणी

छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादचा, वीकेंड म्हटला की दोन गोष्टी ठरलेल्या : लेणी आणि हिमरू-पैठणीची शॉपिंग. आणि दोन्हीकडे फोटोंच्या रंगांचा पचकाही ठरलेला!

आधी दुकान. जुन्या पद्धतीच्या ट्यूबलाइटखाली मोतिया हिमरू शालीचा फोटो काढा आणि आईला पाठवा. लगेच उत्तर, ‘शेवाळी कशाला घेतेस गं?’ दोष शालीचा नाही. ट्यूबमधली पाऱ्याची वाफ आणि काचेच्या आतला लेप मिळून जो उजेड देतात, त्यात हिरवा जरा जास्तच असतो. आपले डोळे ते सांभाळून घेतात. कॅमेऱ्याला दर वेळी जमत नाही.

उपाय सोपा. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वरून ‘फ्लुरोसंट’वर न्या. त्याहून बेस्ट म्हणजे त्याच उजेडात पांढरा कागद दाखवून कस्टम सेटिंग करा. बऱ्याच मोबाइलच्या ‘प्रो’ मोडमध्येही व्हाइट बॅलन्स हाताने बदलता येतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपल्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, त्यामुळे वेगवान शटरला फोटोत पट्टे येतात. दारातून ऊन आणि आतून ट्यूब असा मिक्स उजेड तर टाळाच; एक सेटिंग दोघांना पुरत नाही. आजी पैठणी सरळ दाराशी नेऊन का बघायची, कळलं ना?

आता अजिंठा. शहरापासून साधारण १०० किलोमीटर, सोमवारी बंद आणि फ्लॅशला मनाई. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी मंद दिव्यांत पिवळसर येतो. एडिटिंग करताना स्लायडर निळ्याकडे ओढायला हात शिवशिवतात. पण जरा थांबा! हा सगळा पिवळेपणा दिव्याचा नाही. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने बोलावलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी चित्रं जपण्यासाठी त्यांवर लाखेचं वार्निश दिलं. तेच पुढे पिवळं पडलं.

म्हणून मी तिथे भिंतीपासून लांब उभी राहून, त्याच दिव्यात पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स घेते आणि पुढे रंगांना हात लावत नाही. दिव्याचा रंग काढायचा, भिंतीवरची शंभर वर्षं नाही. फोटो थोडा पिवळा आला तर येऊ दे की!