वुफरचं खोकं

आमच्या बोरी गावात गाडीची डिक्की कामाची असते. जूनमध्ये बियाण्याच्या पिशव्या आणि डीएपीची पोती, दिवाळीनंतर माहेरवाशिणींचं बोचकं, एरवी फवारणीचा पंप. म्हणून सेकंडहँड डिझायरच्या डिक्कीत वुफर, म्हणजे बेसचा मोठा स्पीकर, बसवतो म्हटल्यावर अण्णांनी एकच अट घातली, पेरणीच्या दिवसांत ते खोकं बाहेर निघालं पाहिजे. पुढचं सगळं काम त्या अटीवरच आखलं गेलं.

परभणीला तयार खोकी मिळतात. वुफर, ॲम्प्लिफायर, वायरिंग असं सगळं एकगठ्ठा, आणि पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत हजारो वॅट. तो आकडा वाचायचाच नाही. ॲम्प्लिफायर उलटा करून त्याचा फ्यूज बघायचा. फ्यूज ३० अँपिअरचा असेल आणि गाडी चालू असताना १४ व्होल्ट मिळत असतील, तर आत जास्तीत जास्त ४२० वॅट जातात. त्यातले वीस-पंचवीस टक्के उष्णतेत गेले की उरतात सव्वातीनशेच्या आसपास. बाकीचे वॅट छापखान्यातच तयार होतात. मी ३०० वॅटचा, एकच चॅनेल असलेला ॲम्प्लिफायर आणि १२ इंची वुफर घेतला. तयार खोकं मात्र घेतलं नाही, कारण खरा बेस खोक्यातून येतो यावर माझा विश्वास होता आणि अजूनही आहे.

कारण साधं आहे. वुफरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मधे भिंत नसेल तर दोन्ही एकमेकांना मारतात आणि नुसता पडदा हलताना दिसतो. मागची हवा कोंडली की बेस सुटतो. त्या खोक्याला नेमक्या लांबीची नळी बसवली, तर रिकाम्या घागरीच्या तोंडावर फुंकल्यासारखी आतली हवा एका ठरावीक सुराला घुमते आणि वुफरला हातभार लावते. नळीची लांबी आणि खोक्याचं आकारमान यांचा हिशेब नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल या ऑस्ट्रेलियातल्या दोन इंजिनिअरांनी बसवून दिला. थील यांचा निबंध १९६१ चा. आजही जगभर वुफरच्या कागदावर याच दोघांच्या नावाचे आकडे छापलेले असतात.

माझ्या वुफरला हवे होते ५० लिटर. वुफरचा मागचा लोहचुंबक, नळी आणि आतला आधार यांनी खाल्लेली जागा धरून ५७. २०१२ च्या डिझायरची डिक्की ३१६ लिटरची, म्हणजे एक कोपरा गेला तरी पोत्याला जागा उरते. आतून लांबी ७६ सेंटीमीटर, उंची साडेपस्तीस, खोली २१ असा कागद घेऊन मी सुतारमामांकडे गेलो. मामांची हयात तिफणी आणि वखर घडवण्यात गेली, आता बहुतेक दारं आणि चौकटी. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि सगळी मापं फूट, इंच, सूत अशी करून घेतली. १८ मिलिमीटरचा एमडीएफ त्यांच्या भाषेत 'सहा सुतीला जरा कमी'. "एवढ्या जड लाकडाचं खोकं कशाला करायलास बाबा, प्लाय लाव की," म्हणाले. पण बेस वाजताना खोक्याच्या भिंतींनी हलायचं नसतं आणि एमडीएफ जड असल्यामुळे कमी थरथरतो, हे ऐकल्यावर त्यांनीच मधे एक आडवी पट्टी ठोकायची सुचवली. ती मी हिशेबात धरलीच होती, पण मामांना तसं सांगितलं नाही.

नळीसाठी शेतातल्या पाइपलाइनचा उरलेला ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घेतला. ३५ हर्ट्झला घुमवायचं तर लांबी ३४ सेंटीमीटर आली. असे दोन पाइप लावले असते तर हवेला वाट मोठी मिळाली असती, पण मग प्रत्येकाची लांबी अडीच फुटांजवळ जाते, खोक्यात मावतच नाही. एकच पाइप असला की आवाज वाढवल्यावर तोंडाशी फुसफुस होते. यावर उपाय आमच्याकडे प्रत्येक शेतकऱ्याला येतो. पाइपाला पाइप जोडायचा असतो तेव्हा तोंड शेकून फुगवतात. तसंच ते शेकून कर्ण्यासारखं बाहेर वळवलं आणि फुसफुस बरीच कमी झाली.

सांधे आतून फेव्हिकॉलने लिंपले. हवा सुटते का हे बघायला उदबत्ती लावली आणि बेस वाजवून ती सांध्या-सांध्यावरून फिरवली. धूर एका कोपऱ्यात थरथरला, तिथे पुन्हा लिंपण.

वायरिंगला मोटार रिवाइंडिंगवाले दादा. दुकानातून आणलेल्या जाड वायरचं टोक त्यांनी पात्याने खरवडलं. वरून तांबं, आत पांढरं ॲल्युमिनियम. "ही परत कर," एवढंच बोलले. दुसरी वायर शुद्ध तांब्याची आली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर ४० अँपिअरचा फ्यूज टाकला. ही वायर गाडीभर पत्र्याला लागून जाते, ती कुठे सोलली तर फ्यूजच गाडी वाचवतो. तो डिक्कीत बसवून उपयोग नाही. अर्थिंगच्या जागी पत्र्याचा रंग घासून काढला, नाहीतर इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी कुईकुई स्पीकरमधून येते.

वुफरला चार-चार ओहमची दोन वेटोळी होती. ती समांतर जोडून दोन ओहम करायची, हे दादांना समजावून सांगावं लागलं नाही, त्यांचा तो रोजचा धंदा. आवाजाची कळ त्यांच्याच मीटरवर लावली. ३०० वॅट गुणिले २ ओहम, त्याचं वर्गमूळ साडेचोवीस. ५० हर्ट्झचा सूर लावून टोकांवर साडेचोवीस व्होल्ट दिसले की कळ तिथेच सोडायची. पुढे फिरवली तर आवाज वाढण्याआधी फाटतो.

डिझायरची मागची सीट दुमडत नाही. बेस आत यायला पार्सल ट्रेखालच्या पत्र्याची भोकं मोकळी ठेवली. पहिल्याच गाण्याला नंबरप्लेट खडखडली. तिच्यामागे फोमची पट्टी लावली. मग डिक्कीच्या झाकणाला आतून थरथर जिरवणारी डॅम्पिंगची शीट.

प्रल्हाद शिंदेंच्या जुन्या गाण्यांत वुफरला फारसं काम नाही, ढोलकीचा घुमारा तेवढा अंगावर येतो. 'झिंगाट' लावलं की मात्र सीट हलते. काचा वर, झरीपर्यंत जाऊन यायचं, माझी हौस तेवढ्यात भागते. डिक्की उघडून वरातीपुढे वाजवा म्हणणारे भेटतात. त्यांना मी नाही म्हणतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० च्या नियमांत वस्तीत रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे हे एक कारण, आणि उघड्यावर ते चांगलं वाजतही नाही हे दुसरं. बंद गाडीची छोटी जागाच खालचे सूर उचलून धरते. झाकण उघडलं की तो आधार गेला.

खोकं चार बोल्टवर आहे, फुलपाखरी नट हाताने सुटतात. वजन वीस-बावीस किलो. जूनमध्ये ते घरात कणगीशेजारी गेलं आणि अण्णांची पोती डिक्कीत आली.

आता मामांकडे एक ट्रॅक्टरवाला येऊन बसलाय. त्याला तसंच खोकं टपावर हवंय. मी त्याला बंद जागेचं सगळं समजावून सांगितलं, टपावर निम्मासुद्धा बेस लागणार नाही म्हणालो. त्याने शांतपणे ऐकलं आणि मामांना सांगितलं, "मग दोन करा."