बाहुबलीच्या पायथ्याची चूल

कोल्हापूर जिल्ह्याच्या हातकणंगले तालुक्यात, कुंभोज गावाजवळ बाहुबलीचा डोंगर आहे. १९६३ साली प्रतिष्ठापित झालेल्या २८ फूट उंचीच्या शुभ्र संगमरवरी मूर्तीच्या दर्शनासाठी दूरदूरचे यात्रेकरू येथे येतात. उत्तरेस वारणा, दक्षिणेस पंचगंगा आणि मधल्या सुपीक पट्ट्यात उसाचे मळे असा हा मुलूख. येथील गावांत शेतकरी जैन समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदतो आहे. या समाजाचा आचारधर्म मंदिराइतकाच जुन्या घरांच्या स्वयंपाकघरातही दिसतो आणि तेथे त्याचे मुख्य स्थान म्हणजे चूल.

ही चूल मातीत भुसा मिसळून घरच्या स्त्रियाच घालतात. शेजारी जोडून वैल असते. मुख्य तोंडाशी भाकरी होते आणि आत वळलेल्या जाळावर वैलात आमटी शिजत राहते. एकाच आगीत दोन कामे होतात, जळणही वाचते.

जळणाची तयारी उन्हाळ्यातच सुरू होते. बाभळीचे लाकूड फोडून उन्हात वाळवतात. तुराट्या आणि शेणी पावसाचा थेंब लागणार नाही अशा जागी रचतात. लाकूड ओले राहिले तर आगीची बरीचशी उष्णता त्यातील पाणी आटवण्यात जाते, ज्वाळा मंदावते आणि घर धुराने भरते. शिवाय दमट जळणात वाळवी, मुंग्या, भुंगेरे घर करतात. म्हणून कोरडे जळण ही जशी सोय, तशीच ती जीवदयाही होय.

रात्रीच्या उबेला लहान जीव चुलीत शिरतात. त्यामुळे सकाळी आधी मऊ कुंच्याने चूल झाडली जाते. प्रत्येक लाकूड उजेडात फिरवून पाहतात, हलकेच आपटतात. शेणी उलटून दोन्ही अंगांनी तपासतात. पोखरलेले लाकूड बाजूला ठेवले जाते. मग साचलेली राख काढून खालून हवेला वाट करून देतात. तुराट्यांवर जाळ धरला की बारीक लाकडे एकमेकांपासून थोडी सुटी लावतात. चूल लाकडांनी गच्च भरली तर हवा कोंडते आणि धूर होतो. म्हणून लाकूड जळेल तसतसे पुढे सारावे लागते. स्वयंपाक सूर्यास्तापूर्वी आटोपायचा असल्याने सायंकाळची चूल वेळेवर पेटते आणि वेळेवर शांतही होते. उरलेली लाकडे बाहेर ओढून निखारे राखेखाली झाकतात. निवालेल्या चुलीला पोतेरे फिरले की दिवसाचे काम संपते.

श्रावकाचाराच्या परंपरेत उखळ, जाते, चूल, पाण्याचा घडा आणि केरसुणी यांना ‘पंचसूना’ म्हटले आहे. संसारात टाळता न येणारी हिंसा घडते अशी ही पाच स्थाने. अग्नी हाही जैन दर्शनात एकेंद्रिय जीवांचा काय मानला आहे. म्हणूनच चूल पेटवणे ही क्षुल्लक गोष्ट ठरत नाही. ती गरजेपुरतीच पेटावी आणि पाहून-झाडून पेटावी, हा यत्नाचार त्यातूनच आला.

मात्र या परंपरेत एक जीव बराच काळ दुर्लक्षित राहिला. तो म्हणजे चुलीपुढे बसून फुंकणी फुंकणारी गृहिणी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली घरातील इंधनाच्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसे दगावली. धुराडे नसलेल्या खोलीत डोळे चुरचुरतात, फुप्फुसे झिजतात आणि आईजवळ बसलेले मूलही तोच धूर घेते. बंद खोलीत धुमसणारे निखारे तर जीवघेणे ठरतात. त्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला वासही नसतो. मुंगीसाठी लाकूड झटकणाऱ्या घराने धुराडे बांधण्यास उशीर करावा, हे दयाधर्माशी विसंगतच म्हटले पाहिजे.

२०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेनंतर गरीब घरांतही गॅस पोहोचू लागला. तरी सिलिंडर महाग पडतो तेव्हा, किंवा पाणी तापवण्यासाठी, परसातली चूल आजही पेटते. जेथे ती पेटते तेथे कोरडे जळण, झाकण ठेवलेले भांडे, उघडी खिडकी आणि छपराच्या वर गेलेले धुराडे असावे. जेथे गॅस आला तेथेही बर्नरखाली मुंग्या येतातच. शेगडी पेटवण्यापूर्वी तेथे एकवार फडके फिरवणारी सून सासूकडून चुलीपाशी शिकलेला यत्नाचारच पाळत असते.