बांचे कुंडे

बडोद्यास दांडिया बाजारामागील गल्लीत आमचे जुने घर आहे. परसात एक कडुलिंब, एक पेरू आणि जास्वंदीची तीन झाडे. एवढ्यालाच आम्ही कौतुकाने बाग म्हणतो. भिंतीपलीकडे ऐंशीच्या घरातल्या एक गुजराती बा राहत. गेल्या फाल्गुनात त्या कायमच्या सुरतेस मुलाकडे जावयास निघाल्या. आदल्या संध्याकाळी ओट्यावर येऊन त्यांनी माझ्यापुढे तीन साखळ्यांनी टांगावयाचे मातीचे कुंडे आणि बाजरीचा डबा ठेवला. मला वाटले होते, निरोपाचे पेढे असतील! "बेन, हवेथी तमे चण नाखजो," एवढेच म्हणून त्या वळल्या.

चण म्हणजे पाखरांचा दाणा. तीन पिढ्या गुजरातेत काढूनही हा शब्द मी कधी स्वतःच्या तोंडाने उच्चारला नव्हता. पुण्याहून पाहुणे आले की आम्ही त्यांना अहमदाबादच्या पोळांतील चबुतरे दाखवतो. चौकात एकच उंच खांब, त्यावर छपराखाली कोरीव कट्टा. मांजराची उडी पोहोचू नये इतका उंच. 2017 साली ते जुने शहर जागतिक वारसा ठरल्यापासून तर आमचा उत्साह अधिकच वाढला. पण आजवर मी पाहिले ते कोरीवकाम. यंदा एका लग्नासाठी गेले, तेव्हा प्रथमच खांबाला टेकवलेली शिडी आणि खाली सांडलेला बाजरीचा कोंडा दिसला. कोणीतरी रोज वर चढते, हे ध्यानातच आले नव्हते. आपल्याकडे पितृपक्षात कावळ्याची किती विनवणी होते! एरवी तोच कावळा वाळवणावर बसला की आपण काठी घेऊन धावतो.

कुंडे मी मोठ्या हौसेने कडुलिंबाला टांगले. चार दिवस कोणी फिरकले नाही. होले आणि चिमण्या येत, पण भिंतीपलीकडे बांच्या बंद ओसरीच्या पन्हाळीवर ओळीने बसत आणि कुलूप लावलेल्या दाराकडे पाहत राहत. माझ्याने ते बघवेना. पाचव्या दिवशी कुंडे उतरवून दोन्ही घरांमधल्या भिंतीवर ठेवले. तासाभराने एक होला आला, मागोमाग चिमण्या.

मग माझा हात सैल सुटला. कुंडे शिगोशीग भरू लागले, आणि आठवड्यात तीसेक कबुतरांनी गच्ची व्यापली. शेजारचे धुतलेले कपडे खराब झाले; बोलणी खावी लागली, आणि ती रास्तच होती. मुंबईतील कबुतरखाने बंद करण्याचा हुकूम 2025 च्या जुलैत निघाला, त्यावरून केवढे वादळ उठले होते! कबुतरांच्या विष्ठेने फुफ्फुसांना अपाय होतो, हे डॉक्टर सांगतातच. आता सकाळी मूठभरच बाजरी आणि चिमण्यांसाठी थोड्या तांदळाच्या कण्या. दुपारपर्यंत कुंडे रिकामे झालेच पाहिजे. मग ते काथ्याने घासून धुवायचे. पाण्यासाठी वेगळे परळ ठेवले आहे. वैशाखात पारा चाळिशीपलीकडे गेला तेव्हा दाण्यापेक्षा पाण्यावरच गर्दी झाली. बुलबुल तर दाण्याला शिवतही नाही. त्याला पाणी हवे आणि पिकला पेरू. चिमणी स्वतः दाणे टिपते, पण पिलांना भरवते ते किडे-अळ्या. हे कळल्यावर जास्वंदीवर औषध फवारणे मी सोडले. फुले थोडी कुरतडलेली निघतात. देवाने अजून तक्रार केलेली नाही.

दर रविवारी बांचा फोन येतो. माझी प्रकृती, मुलांच्या परीक्षा हे सारे मागाहून. पहिला प्रश्न ठरलेला: "होलो आव्यो?" होला त्यांचा तोच आपलाही, एवढाच ओकाराचा फरक. सुरतेचे घर सातव्या मजल्यावर, चारी बाजूंनी काचा. "जरा फोन बारीए राखो ने," त्या म्हणतात. मग मी फोन खिडकीबाहेर भिंतीच्या दिशेने धरते आणि हात अवघडेपर्यंत तशीच उभी राहते.