दोष जळालेल्याचा नसतो

हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या घरी एखादा जुना संच जपून ठेवलेला हमखास आढळतो. 1970च्या दशकात जपानमध्ये बनलेले, काही भाग ट्रान्झिस्टरवर आणि काही व्हॉल्व्हवर चालणारे हे ट्रान्सीव्हर आता पन्नाशीला पोचले आहेत. या वयात त्यांना जडणारा एक विकार जाणकारांच्या चांगला परिचयाचा आहे. संचाला ऐकू येते, पण बोलता येत नाही. दूरदेशीचे आवाज स्वच्छ कानी पडतात; उत्तर द्यायला बटण दाबावे, तर पलीकडे काहीच पोचत नाही.

हा विकार किरकोळ वाटेल; पण संकटकाळी त्याचे मोल कळते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीची भूमी हादरली, तेव्हा निरोप पोचविण्याच्या कामी हॅम मंडळी धावून गेली होती. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामी आली, तेव्हा हौशी रेडिओचालकांचा एक चमू पोर्ट ब्लेअरमध्ये होता आणि अंदमानचे वृत्त मुख्य भूमीवर पोचविण्यात त्याचा मोठा वाटा होता. अशा वेळी नुसते ऐकणारा संच फारसा उपयोगी पडत नाही.

सांगलीतील एका निवृत्त अभियंत्यांच्या संचाने असेच मौन धरले. घरातील लहानथोर त्यांना अण्णा म्हणतात. रोज सकाळी 7 मेगाहर्ट्झवर जमणाऱ्या मित्रमेळ्यात त्यांची हजेरी अनेक वर्षांत क्वचितच चुकली असेल. गुडघ्यांमुळे बाहेर पडणे थांबल्यापासून तर तो मेळा हाच त्यांचा कट्टा झाला होता. वर्षापूर्वी संचातील अंत्य व्हॉल्व्हची जोडी जळाली. एका कारागिराने नवी जोडी बसवून दिली. आता तीही क्षीण झाली होती. मित्र त्यांना हाका मारीत, अण्णा त्या ऐकत आणि उत्तर देऊ शकत नसत.

अभियांत्रिकी शिकणाऱ्या नातवाने तोडगा सुचविला, “अण्णा, तिसरी जोडी मागवू या. परदेशात जुना साठा अजून मिळतो.”

“मागवू, बाळ,” अण्णा म्हणाले, “पण दोन जोड्या कशाने गेल्या, ते आधी शोधू. नाहीतर तिसरीही त्याच वाटेने जाईल.”

शोध सुरू करण्यापूर्वी अण्णांनी नातवाला एक नियम पाठ करायला लावला. या संचातील अंत्य व्हॉल्व्हच्या प्लेटवर सुमारे 800 व्होल्टचा दाब असतो आणि वायर भिंतीतून काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये तो काही काळ साठून राहतो. म्हणून आतील भागाला हात लावण्यापूर्वी तो साठा रोधकामार्फत उतरवायचा आणि शून्य झाल्याचे मीटरने पडताळून पाहायचे. चालू संचात मोजमाप करण्याची वेळ आलीच, तर एक हात पाठीमागे ठेवायचा. विजेला एका हातातून दुसऱ्या हातात, म्हणजे हृदयावरून जाण्याची वाट मिळू द्यायची नाही.

पुढची तपासणी म्हणजे एकामागून एक विचारलेले साधे प्रश्न होते. पहिला प्रश्न, दोष संचात आहे की गच्चीवरील अँटेनात? अँटेना काढून 50 ओहमचा डमी लोड जोडला, तरी शक्ती उमटेना. अँटेना निर्दोष ठरली. दुसरा प्रश्न, ऐकण्याचे काम नीट चालते का? ट्रान्सीव्हरमध्ये आंदोलक आणि फिल्टर हे भाग ऐकणे आणि बोलणे या दोन्ही कामांत सामाईक असतात. ऐकणे उत्तम होते, म्हणजे तेही सुटले. तिसरा प्रश्न, मायक्रोफोनवाचून नुसती वाहक लहर तरी निघते का? तीही दुबळीच होती. म्हणजे आवाजाचे मंडल नव्हे, त्यापुढचा टप्पा आजारी होता. रिलेचे संपर्कबिंदू काळवंडले होते. कागदाची पट्टी फिरवून ते पुसले, तरी फरक पडला नाही.

मग अण्णांनी खोलीतील दिवे मालवायला सांगितले. प्रक्षेपणाचे बटण दाबले. बोलले कोणीच नाही. अशा वेळी मीटरचा काटा 60 मिलिअँपिअरच्या आसपास स्थिर राहायला हवा. तो 60 वरून 90 वर, 90 वरून 130 वर चढत गेला आणि काळोखात व्हॉल्व्हच्या प्लेटवर मंद लाली उमटली. अण्णांनी तत्काळ बटण सोडले.

“पाहिलेस? काही काम नसतानाही त्याला राबविले जात आहे. त्याला आवरणारा लगाम सुटला आहे.”

लगाम म्हणजे ग्रिडवरील ऋण दाब. तो सुमारे उणे 60 व्होल्ट असावा लागतो. त्याच्या शेजारी अलीकडच्या टप्प्यातील व्हॉल्व्हची प्लेट असते आणि तिच्यावर सुमारे 300 व्होल्टचा धन दाब असतो. या दोहोंमध्ये एकच छोटा कपॅसिटर उभा असतो. लहरींना वाट द्यायची आणि स्थिर दाब अडवायचा, हे त्याचे काम. वय झाले की तो झिरपू लागतो. धन दाब थेंबाथेंबाने ग्रिडकडे पोचतो, ऋण दाब घटतो आणि व्हॉल्व्ह बेलगाम वाहू लागतो.

अंत्य व्हॉल्व्ह काढून ठेवून ग्रिडवरील दाब मोजला. तो उणे 38 होता. संच बंद करून, साठा उतरवून त्या कपॅसिटरचे एक टोक सोल्डर वितळवून सोडविले आणि पुन्हा मोजले, उणे 60. नातवाने तीच कृती आणखी एकदा करून पाहिली, तेव्हा त्याची खात्री पटली. गळती उष्णतेने वाढत होती. म्हणून थंड संचाची तपासणी करून कारागिराने दिलेला निर्वाळा त्याच्या परीने खराच होता.

नवा कपॅसिटर वीस रुपयांना मिळाला. व्होल्टची मर्यादा जुन्याहून अधिक असलेलाच निवडला. ज्या जोडीला बाद ठरविले जात होते, तीच परत बसविली. तिचे आयुष्य थोडे खर्ची पडले होते, तरी काटा 60 वर स्थिर राहिला आणि डमी लोडवर 80 वॅट शक्ती उमटली. तिसऱ्या जोडीचे काही हजार रुपये वाचले. त्याहून महत्त्वाचे हे की, निरपराध व्हॉल्व्हचा आणखी एक बळी टळला. जे जळते ते डोळ्यांत भरते, म्हणून ठपका त्याच्यावरच येतो. त्याला जाळणारे कारण बहुधा एक टप्पा अलीकडे, शांत बसलेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेळ्यात अण्णांनी आपले संकेतनाम उच्चारले. क्षणभर शांतता पसरली आणि मग तीन-चार आवाज एकदमच उमटले. “पाच-नऊ, अण्णा, पाच-नऊ! कुठे होतात इतके दिवस?” स्पष्टतेला पाच आणि जोराला नऊ, अशी ती शाबासकी होती. नातू शेजारी बसून ऐकत होता. परवाना नसल्याने त्याला बोलता येत नव्हते. मेळा संपल्यावर त्याने अण्णांच्या नोंदवहीत तारीख, दोष आणि दोन्ही मोजमापे लिहिली. त्याखाली अण्णांनी आपल्या अक्षरात एक ओळ वाढविली : ‘परवान्याच्या परीक्षेचा अर्ज या महिन्यातच भरणे.’