गाडी बघायला जाताना दावे बरोबर न्या

वाचकहो, गाडी घ्यायची ठरली की घरात दोन तट पडतात. आमच्या घरात तीन पडले. त्याची हकिगत सांगतो. आपल्यापैकी कुणाच्या ओसरीवर हाच खल चालू असेल, तर थोडीफार उपयोगी पडेल.

आमचे गाव आष्टी तालुक्यात, कड्याच्या बाजूला. जिल्हा बीड, पण ओढ सगळी नगरची. कांदा नगरला, मोठा दवाखाना नगरला, लग्नाचा बस्ता नगरला. २०२४ मध्ये नगरचे अहिल्यानगर झाले, तरी गोण्या भरून निघालेला माणूस अजून ‘नगरला चाललो’ असेच सांगतो. रान सहा एकर. त्यात दोन एकर कांदा, बाकी ज्वारी, तूर, उडीद आणि घास. गोठ्यात सात गाई. आमच्याकडे पावसाचा भरवसा नाही, म्हणून घर चालते ते दुधावर. कांदा म्हणजे लॉटरी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आणि आमच्या चिरंजीवांच्या अंगात आले. तालुक्यात नुकती अतिवृष्टी होऊन गेलेली, रानात चिखल, आणि हा रोज संध्याकाळी मोबाईलवर गाड्यांची चित्रे दाखवायचा. त्याला हवी होती मोठी पिकअप, पावणेदोन टन पासिंगची, नऊ-दहा फुटी हौद्याची. म्हणाला, “आबा, एकदा घ्यायची तर दमदार घेऊ. तीस-बत्तीस गोण्या एका खेपेत.”

माझे मन होते छोट्या हत्तीवर. आपल्याला आठवत असेल, पूर्वी आपल्याकडे माल नेणारी कोणतीही गाडी म्हणजे ‘टेम्पो’. हे नाव पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीवरून पडले आणि कंपनीचे नाव बदलले तरी आपल्या तोंडातून गेले नाही. १९८६ साली टाटांची ४०७ आली, ती व्यापाऱ्याची गाडी. शेतकऱ्याच्या आवाक्यात मालवाहू गाडी आली ती २००५ साली, टाटा एसच्या रूपाने. दोन सिलिंडर, ७०० सीसीचे इंजिन, पाऊण टनाच्या आसपास माल. लोकांनी तिचे नाव लगेच ‘छोटा हत्ती’ ठेवले. मला ही गाडी आवडते. बोळात वळते, बांधावरून उतरते आणि डिझेल बेताने पिते.

पण माझ्या मतामागे नुसती आवड नव्हती, भीती होती. आमच्या शेजारच्या वस्तीवरच्या एका शेतकऱ्याने २०२३ च्या पावसाळ्यात मोठी पिकअप घेतली. कांद्याला तेव्हा बरे दिवस येतील असे वाटत होते. ८ डिसेंबर २०२३ ला केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली, ती ४ मे २०२४ पर्यंत बंद राहिली. भाव बसला. कांदा चाळीत आणि गाडी दारात, दोन्ही उभेच. हप्ता मात्र दर महिन्याला येतच होता. तीन हप्ते थकले आणि एका सकाळी कर्जवाल्यांची माणसे येऊन गाडी घेऊन गेली. त्या घरातल्या म्हातारीने जाताना गाडीच्या तोंडाला हात लावून बोटे मोडली, जशी विकलेल्या बैलाची मोडतात. ते मी पाहिले आहे.

तर मी लहान म्हणायचो आणि चिरंजीव मोठी. आठ दिवस असेच गेले. मग सौभाग्यवतींनी दुधाची वही आणून समोर टाकली.

या वहीबद्दल सांगायला हवे. पुढच्या बाजूने दुधाचा हिशोब आणि पाठीमागून भाड्याच्या गाड्यांचा. कोणत्या तारखेला कुणाची गाडी आणली, काय भरले, किती पैसे दिले. ती हे कधीपासून लिहीत होती, मला पत्ता नव्हता. आम्ही तिघांनी मिळून गेल्या वर्षाच्या खेपा मोजल्या. त्या भरल्या एकसष्ट. त्यांपैकी टनाच्या वर माल होता अशा खेपा फक्त नऊ, सगळ्या कांद्याच्या. बाकी काय? दहा-दहा पोती पेंड, म्हणजे पाच क्विंटल. ठिबकच्या नळ्यांची भेंडोळी. उसाचे वाढे, कडबा, मुरघासाच्या पिशव्या. एकदा पाहुण्यांकडचे मांडवाचे सामान.

चिरंजीवांचा चेहरा उतरला. मी खुशीत. पाटी-पेन्सिल घेऊन हिशोबच मांडला. मोठीला आठ लाख कर्ज लागणार होते, लहानीला चार लाख ऐंशी हजार. पाच वर्षांची मुदत आणि अकरा टक्के व्याज धरले तर मोठीचा हप्ता सतरा हजार चारशे आणि लहानीचा साडेदहा हजारांच्या आत. फरक महिन्याला सात हजार, वर्षाला चौऱ्याऐंशी हजार. आणि त्या नऊ मोठ्या खेपा भाड्याच्या गाडीने केल्या तर चार हजारांप्रमाणे छत्तीस हजार. म्हणजे नऊ दिवसांच्या दिमाखासाठी अठ्ठेचाळीस हजार जास्त.

चिरंजीवही काही वेडे नाहीत. तो म्हणाला, “आबा, डिझेल धरा की. नगरला जाऊन-येऊन एकशे तीस किलोमीटर. लहानी सात लिटर पिईल आणि पंधरा गोण्या नेईल. मोठी दहा लिटर पिईल आणि तीस नेईल. गोणीमागं कोण स्वस्त?” हे खरेच होते. भरलेली मोठी गाडी गोणीमागे स्वस्तच पडते. पण ती भरलेली असली तर. पाच पोती पेंडीसाठी तीच गाडी कड्याला गेली की तुमच्या खिशातून हत्ती पोसला जातो.

मग तो भाड्यावर आला. उरलेल्या दिवसांत भाडी मारू. मी विचारले, “आणि पहाटे पाचला धारा कोण काढणार? वाशीचं भाडं मिळालं तर रात्रभर तू रस्त्यावर. ड्रायव्हर ठेवला तर त्याचा पगार.” तो काही बोलला नाही. उठून गोठ्यात गेला.

रात्री सौभाग्यवती म्हणाली, “अवो, तुमच्या ध्यानात येत नाही का? त्याला गाडी कांद्यासाठी नकोय. तीन ठिकाणचे पाहुणे बघून गेले. पोरगा काय करतो विचारलं की आपण म्हणतो शेती. पुढं कुणी बोलत नाही. दारात मोठी गाडी असली तर सांगायला होतं.”

वाचकहो, मी गप्प झालो. आमच्या पंचक्रोशीत तिशी ओलांडलेली, सरळ वागणारी, कष्टाळू अशी किती मुले बिनलग्नाची आहेत ते आपल्यालाही ठाऊक आहे, आपल्या गावातही असतीलच. याचा हिशोब दुधाच्या वहीत नव्हता. पाटीवर तर नव्हताच. पण सतरा हजारांच्या हप्त्यावर सोयरीक जुळवायची आणि मग येणाऱ्या सुनेने तो हप्ता फेडायचा, हेही मला पटेना. मी कूस बदलली, बोललो काही नाही.

दसरा झाल्यावर नगरला गाड्या बघायला गेलो, तिघेही. सौभाग्यवतीने पिशवीत एक दावे घेतले होते. मला वाटले, बाजारात काही घ्यायचे असेल. दुकानात पोचल्यावर तिने ते दावे काढले, एक टोक छोट्या हत्तीच्या केबिनमागे धरायला मला सांगितले आणि दुसरे टोक घेऊन फाळक्याकडे गेली. दाव्याला एक गाठ मारलेली होती. गाठ फाळक्याच्या बाहेर वीतभर लोंबत राहिली. विक्री करणारा मुलगा हसला. “मावशी, टेप देऊ का?”

ती म्हणाली, “टेप नको. ही आमच्या थोरल्या गाईची लांबी हाय. आडवी पडल्यावरची.”

मग मला उमगले. २०२४ च्या श्रावणात आमची पहिलारू गाय विताना अडली. डॉक्टरांनी फोनवर सांगितले की ताबडतोब घेऊन या. गाय उठेना. रात्री अकरापासून गाडी शोधली. एकाची पंक्चर, एक भाड्याला पुण्याला, एकाने फोनच उचलला नाही. पहाटे चारला गाडी आली तेव्हा गाय आणि वासरू दोन्ही गेली होती. वहीत त्या दिवशी काहीच लिहिलेले नाही, कारण भाडे दिलेच नाही. मी एकसष्ट खेपा मोजल्या, पण न झालेली ही बासष्टावी खेप माझ्या मोजणीत आली नव्हती.

मी आयुष्यभर माल वजनावर मोजला. आपल्या घरचा निम्मा माल तर वजनाने हलका आणि अंगाने मोठा असतो. कडबा, वाढे, नळ्या, आजारी जनावर. त्याला टन लागत नाहीत, फूट लागतात. सातफुटी हौद्यात कडबा भरला की तो मागे लोंबतो आणि वाटेवर निम्मा सांडतो.

मधल्या मापाच्या गाड्या त्याच रांगेत उभ्या होत्या. अशोक लेलँडची दोस्त २०११ पासून आहे, टाटांची इन्ट्रा २०१९ पासून. आमच्या दोन तटांच्या भांडणात तिकडे कुणी बघितलेच नव्हते. पासिंग सव्वा टनाच्या आसपास, हौदा सव्वाआठ-साडेआठ फुटांचा. दाव्याची गाठ आत बसली.

आता कागदांचे थोडे, कारण इथे बरेच जण फसतात. विकणारा सांगतो तो आकडा ऐकून घ्यावा, पण आरसीवर दोन वजने असतात, रिकाम्या गाडीचे आणि भरलेल्या गाडीचे, ती वजा करून बघावी. येणारा आकडा हीच खरी पासिंग, आणि केबिनमध्ये बसलेली माणसेही त्यातच धरायची. भरलेले वजन ३००० किलोंच्या आत असलेल्या मालगाडीला परमिट लागत नाही. मोठ्या पिकअपपैकी बऱ्याच त्याच्या वर जातात, मधल्या मापाच्या आत राहतात. लायसन्सची चिंता चिरंजीवांना होती, पण ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आहे. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७५०० किलोंपर्यंतची मालगाडी चालवता येते. थर्ड पार्टी विम्याच्या दरातही लहान आणि मोठी एकाच गटात येतात, म्हणून लहान घेतली तर विम्यात मोठी बचत होईल अशा भ्रमात राहू नका. मी होतो. आणि नवीन गाडीचे फिटनेस पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी, पुढे दरवर्षी.

जादा माल भरण्याबद्दल आपण सगळे एकमेकांना डोळा मारतो. लहान गाडीचा धोका हाच आहे. गाडी लहान घेतली तरी कांदा लहान होत नाही, आणि मग पाऊण टनाच्या गाडीवर सव्वा टन चढतो. पाटे बसतात, ब्रेक लागता लागत नाहीत. बीडकडे जाताना बालाघाटाच्या उतारावर अशा गाडीमागे मी मोटारसायकलवर होतो, तेव्हा देवाचे नाव घेतले होते. २०१९ च्या दुरुस्तीपासून जादा मालाला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार आहे. एका दंडात कांद्याची अख्खी खेप जाते.

असो. मधली गाडी दिवाळीनंतर घेतली. सौभाग्यवतीच्या भिशीचे पैसे आणि एक गाभण कालवड विकून पहिली रक्कम भरली, सव्वासहा लाखांच्या थोडे वर कर्ज काढले. हप्ता तेरा हजार सातशे. माझ्या मते तो अजून तीन हजारांनी जास्त आहे आणि मी तसे दर महिन्याच्या पाच तारखेला बोलून दाखवतो. कालवड गेल्याचे मलाच जास्त लागले, ती तिकडे वेलीही म्हणे.

चिरंजीव पहिले पंधरा दिवस गाडीकडे तिरक्या नजरेने बघत होते. पहिल्या खेपेला चोवीस गोण्या घेऊन आम्ही नेप्तीच्या कांदा मार्केटला गेलो. दोन्ही बाजूंना मोठ्या पिकअप उभ्या, मध्ये आमची. त्याने गाडी तिसऱ्या ठिकाणी नेऊन लावली. मी विचारले नाही. भाव मधला लागला. परत येताना कड्याला पेंड घेतली आणि घरी येऊन त्याने स्वतः होऊन दुधाच्या वहीत पाठीमागून खेप लिहिली. भाड्याच्या रकान्यात रेघ ओढली, आणि शेजारी डिझेलसाठी नवा रकाना आखला.

पाहुणे अजून आलेले नाहीत. मागच्या आठवड्यात एक स्थळ सांगून आले आहे, जामखेडच्या बाजूचे. रविवारी येतो म्हणाले आहेत. चिरंजीवांनी शनिवारी गाडी धुवायची ठरवली आहे. पण शनिवारीच शेजारच्या वस्तीवरची गाय दवाखान्यात न्यायची आहे, त्याच घरची, ज्यांची गाडी गेली. आईने त्यांना हो म्हणून सांगितले आहे. तेव्हा रविवारी अंगणात गाडी असेल खरी, फक्त हौदा शेणाने भरलेला असेल.